देवमनबाबा आणि नालसाहेबाची सवारी

वर्षातून एक दिवस खुशालराव पाटलाच्या घरची बाई देवमनबाबांचे पाय धुवायची. उरलेले दिवस त्याच दारासमोरून जाताना देवमनबाबा वहाणा हातात घ्यायचे. आमच्या गावात हे कोणाला विचित्र वाटत नसे. मला वाटायला लागलं ते अमरावतीला राजापेठेत खोली करून मॅट्रिकला दोनदा बसल्यावर. एकदाच बसून पास झालो असतो, तर इतका विचार करायला वेळ मिळाला नसता.

तो एक दिवस म्हणजे मोहरमची दहावी. आमचं गाव वलगावच्या पुढे, पेढी नदीला लागून. गावात मुसलमानांची अठरा घरं होती आणि त्यांच्यात नालसाहेबाची सवारी होती. पुरुषभर उंचीच्या बांबूवर बसवलेला घोड्याचा पितळी नाल आणि त्याला बांधलेले हिरवे-तांबडे रुमाल, एवढीच ती सवारी. रुमाल नवसाचे. म्हणजे सवारी मुसलमानांची, नवस कुणब्यांचे आणि खांदा आमच्या महारवाड्याचा. हा मान देवमनबाबांच्या घरात तीन पिढ्यांचा. सवारी सांभाळणारे इमाम मुजावर सांगायचे, की देवमनच्या आज्यानं पुरात वाहून चाललेली सवारी पोहत जाऊन काढली, तेव्हापासून नालसाहेब त्या घरावर खूश आहेत. देवमनबाबांना विचारलं तर म्हणायचे, "बांबू जड होता, म्हनून आमाले देला."

पण सवारी खांद्यावर आली की हाच माणूस वेगळा दिसायचा. पुढे डफडं, मागे ऊद, आणि साडेपाच फुटांचा देवमन गावातल्या पिंपळाएवढा. अंगात यायचं, डोळे चढायचे. ज्या विहिरीवर त्यांच्या बायकोला, मैनाबाईला, कोणी तरी वरून पाणी ओतेपर्यंत घागर घेऊन ताटकळावं लागायचं, त्याच विहिरीचं पाणी कौशल्याबाई पाटलीण भरल्या घागरीनं त्यांच्या पायावर ओतायची, आणि ओली बोटं डोळ्यांना लावायची. लोक पोराबाळांना पुढे करायचे. देवमनबाबा मोरपिसांचा कुंचा पोरांच्या डोक्यावरून फिरवायचे. मग नदीवर सवारी ठंडी करायची, म्हणजे पाण्यात बुडवून, रुमाल सोडून, पेटीत ठेवायची. पेटी मुजावराच्या घरी. देवमनबाबा आपल्या घरी. दुसऱ्या दिवशी वहाणा हातात.

छप्पन्न साली देवमनबाबा आणि मैनाबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आमची सगळी वस्तीच गेली होती. परत आल्यावर पंधरा दिवसांत सरकारनं आमचा जिल्हाही मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेला. आम्ही घरी बसलेले असताना राज्य बदललं आणि घरी येताना धर्म बदलून आलो. गाव तेवढं जागच्या जागी होतं.

वस्तीत मंडळ निघालं. जानराव अध्यक्ष, कारण ते रेल्वेत गँगमन होते आणि साहेबाशी बोललेले होते. मी शिकेटरी, कारण माझ्याकडे फौंटनपेन होतं. पहिल्याच सभेत तीन ठराव झाले: मेलेली ढोरं ओढायची नाहीत, डफडं वाजवायचं नाही, सवारी धरायची नाही. तिसऱ्या ठरावाला देवमनबाबा काही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. जानराव त्यांच्याकडे पाहूनच बोलले, "एका दिवसाचा देव अन् सालभराचा महार, हे आता नाई चालत."

देवमनबाबा म्हणाले, "मी तं नागपुरातच सोडून आलो."

आणि खरंच सोडून आले होते. घरचे देव त्यांनी स्वतः टोपलीत घालून पेढीत सोडले. पंचावन्न वर्षांचा माणूस, अक्षर ओळखीचं नाही, पण माझ्याकडून बुद्धवंदना पाठ करून घेतली. मी एक ओळ म्हणायचो, ते विडी विझवून तीच ओळ म्हणायचे. महिन्याभरात पाठ. सवारीपुढे "दुल्हा, दुल्हा" म्हणून गाव हलवणारा तो गळा वंदनेला लागला आणि विहाराच्या नावाखाली आम्ही उभं केलेलं चार पत्र्यांचं छप्पर भरून गेलं. तेव्हापासून वंदना देवमनबाबांनीच सुरू करायची असं ठरलं नव्हतं, पण दुसरं कोणी सुरू करायचं नाही. त्यांना त्याचा अभिमान होता. घरी कोणी पाहुणा आला की मैनाबाई चहाआधी तेच सांगायची.

इकडे मुसलमानांची घरं उठत होती. फाळणीच्या साली दोन घरं कराचीला गेली. चार निजामाच्या भरवशावर हैदराबादला गेली आणि वर्षभरात निजामच राहिला नाही, पण ती परत आली नाहीत. बाकीची कोणी अचलपूरला, कोणी अकोल्याला जिनिंगात, जिथे आपल्या माणसांचा मोठा मोहल्ला आहे तिथे. कोणाला कोणी हाकललं नाही. पण एकाचं घर रिकामं झालं की शेजारच्याला संध्याकाळी ओट्यावर बसवत नसे. ते गाव सोडून गेले. आम्ही गाव न सोडता गेलो.

एकसष्टच्या फेब्रुवारीत शिरगणती झाली तेव्हा गुरुजींना घरं दाखवायला मी बरोबर होतो. आधीच्या शिरगणतीत हिंदूंमध्ये असलेली आमची दोनशे चौदा माणसं या वेळी बौद्धांमध्ये गेली. मुसलमान एक. वर ज्या साहेबानं तो कागद पाहिला असेल, त्याला वाटलं असेल की या गावात दहा वर्षांत कुठून तरी दोनशे लोक येऊन राहिले आणि नव्वद लोक मेले.

ती एक म्हणजे चाँदबी, इमाम मुजावरांची बायको. मुजावर एकोणसाठ साली वारले. मूलबाळ नव्हतं. देवमनबाबांनी सोडल्यापासून सवारी दरसाल मुजावराच्या घरी नुसती बसायची, उठायची नाही. मुजावर होते तोवर त्यांनी ऊद जाळला, पुढे चाँदबीनं. अकोल्याहून तिच्या भावाचं पत्र आलं, की आता एकटी राहू नको, ये. पत्र मीच वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, की ते पितळ आणि बांबू आणू नकोस. मशिदीतले मौलवी म्हणतात हे आपल्यात बसत नाही.

खुशालराव पाटलाला कळलं तेव्हा त्यानं निरोप धाडला, की सवारी मारुतीच्या देवळात ठेवू, काळजी करू नको. चाँदबी मला म्हणाली, "पाटील दिल का अच्छा है. पर दोन महिन्यांत शेंदूर लावतील बाबा."

म्हणजे चाँदबीच्या माणसांना सवारी मुसलमानी वाटत नव्हती, आमच्या माणसांना ती बुद्धाची वाटत नव्हती, आणि ज्यांना ती हवी होती ते तिला आपल्या देवांत बसवणार होते. एकच वाट उरली. ज्या गावात सवारी उठवायला कोणी राहत नाही, तिथे ती कायमची ठंडी करायची, डोहात सोडून द्यायची. पण ते बाईमाणसानं करायचं नसतं. आणि ज्यानं शेवटची उचलली, त्याच्याच हातानं व्हायला हवं, असं मुजावर मरताना सांगून गेले होते.

मोहरमच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाँदबी वस्तीत आली. देवमनबाबा खाट विणत होते, मी शेजारी बसलो होतो. ती उभ्यानंच बोलली.

"देवमन भाऊ, दहावीला मी जाते. तुमनेच उठाई थी, तुमनेच ठंडी करना. नवस नाही मागत. अंगात आणा असं नाही म्हणत. उनका जबान था, इसलिये."

देवमनबाबांनी दोरी सोडली नाही. म्हणाले, "मी शब्द देऊन आलो नागपुरात."

"मालूम है," ती म्हणाली. "मलेही शब्दच पाळायचा."

ती गेल्यावर त्यांनी एकच गाठ तीनदा सोडून बांधली. दोन दिवसांनी माझ्याकडे आले. त्यांना दीक्षेच्या प्रतिज्ञा पुन्हा ऐकायच्या होत्या, सगळ्या, सावकाश. मी वाचल्या. प्रत्येकीवर मान हलवत गेले. शेवटी विचारलं, की यात दुसऱ्याचं सामान वाहून नेण्याबद्दल काही आहे काय. मी शिकेटरीला शोभेल असं उत्तर दिलं, की अर्थ पाहावा लागतो. ते म्हणाले, तूच पाह्य, तू शिकेल हायेस. मी पाहिला नाही. मी जाऊन जानरावांना सांगितलं.

जानराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बापाला पाटलाच्या खळ्यावर चाबकानं मारलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, आणि त्याच बापानं दुसऱ्या दिवशी पाटलाच्या पोराच्या बारशात डफडं वाजवलेलंही. त्यांना भीती ही होती, की एक माणूस परत गेला की गाव म्हणेल, पाहा, येतात परत. त्यांनी देवमनबाबांना घरी जाऊन समजावलं. देवमनबाबांनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग जानरावांनी मला दहावीला त्यांच्या मागे राहायला सांगितलं. काय होतं ते नीट पाहायचं आणि सभेत सांगायचं.

मी नीट पाहिलं.

दुपारचे तीन-चार वाजले होते. देवमनबाबा चाँदबीच्या दारात गेले ते पायांत वहाणा घालून. मोहरमच्या दहावीला सवारी धरणाऱ्याच्या पायांत वहाणा गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. आत जाऊन त्यांनी एकेक रुमाल सोडला, घडी करून तिच्या हातात दिला. नालावर तिची जुनी चादर गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. बांबू खांद्यावर आडवा टाकला, जसा लोक छपराचा बांबू बाजारातून आणतात तसा. डफडं नाही, ऊद नाही. पुढे ते, मागे बोचकं घेतलेली चाँदबी, आणि वीस पावलांवर मी, सहज चाललो आहे असं दाखवत, जे मला अजिबात जमत नव्हतं.

पण गावाला कळलं होतं. पाच वर्षांनी सवारी उठली, देवमननं उचलली. बाया दारात उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले. एकीनं पळत येऊन बांबूच्या मागल्या टोकाला बोट लावून कपाळाला लावलं. देवमनबाबा कोणाकडे न पाहता चालत होते.

पाटलाच्या दारात कौशल्याबाई घागर घेऊन उभी होती. ती चांगली बाई. तिचा धाकटा पोरगा सवारीच्या नवसाचा, असं ती स्वतः सांगायची. ती पुढे आली, वाकली. देवमनबाबांनी पाय मागे घेतला.

तिला वाटलं वहाणेमुळे. ती म्हणाली, "असू दे देवमन, वहानेवरूनच घालते."

ते थांबले. बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि हळूच म्हणाले, कोणाला लागू नये अशा बेतानं, "पाय तेच हायेत बाई. उद्या बी धुसान काय?"

कौशल्याबाई वाकलेलीच राहिली. तिच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. तिला हा प्रश्न कोणी आजवर विचारलाच नव्हता. ओट्यावरून खुशालराव म्हणाला, की देवमन, तू सवारीचा अपमान करून राहिला. देवमनबाबांनी मान न वळवता उत्तर दिलं, "सवारी नाई पाटील हे. चाँदबीचं सामान हाय."

एवढं बोलून ते निघाले. घागर तशीच भरलेली राहिली.

वस्तीतली माणसं पिंपळाच्या पलीकडे, विहाराच्या चढावर उभी राहून पाहत होती. तिथून बोलणं ऐकू येत नाही. तिथून दिसत होतं ते इतकंच: देवमनच्या खांद्यावर सवारी, दोन्ही बाजूंना हात जोडलेल्या बाया, आणि पायाशी वाकलेली पाटलीण.

डोहाशी आल्यावर त्यांनी वहाणा काढल्या, कारण भिजल्या असत्या. छातीभर पाण्यात गेले. चाँदबीला विचारलं, काही म्हणायचं असेल तर म्हण. तिनं काठावर ओंजळ धरून तिच्यातलं जे म्हणायचं ते म्हटलं. तेवढा वेळ देवमनबाबा पाण्यात उभे होते. हात जोडले नाहीत. मी मुद्दाम तेच पाहत होतो. मग चादर सोडली, नाल उघडा केला, बांबू आडवा पाण्यावर ठेवला आणि नालाकडचं टोक दाबलं. बांबू सरळ बुडेना. तो वर यायचा, ते पुन्हा दाबायचे. शेवटी त्यांनी नाल बांबूवरून काढून हातात घेतला, आत सोडला, आणि बांबू वाहत गेला. काठावर आले तेव्हा तोंड ओलं होतं. नदीतून निघालेल्या माणसाचं तोंड ओलंच असतं. त्यावरून मी काही लिहीत नाही.

चाँदबी संध्याकाळच्या मोटारीनं गेली. जाताना तिनं रुमाल देवमनबाबांना दिले. त्यांनी घेतले नाहीत. तिनं ते बोचक्यात घातले. भावानं अकोल्यात त्यांचं काय केलं असेल, कोण जाणे.

सभा रविवारी झाली. मी माझी वही घेऊन बसलो होतो. जानरावांनी मलाच उभं केलं.

"तू संगं होता. सवारी त्याच्या खांद्यावर होती का नाई?"

"होती."

"बाया हात जोडून होत्या का नाई?"

"होत्या."

"पाटलीन वाकली होती?"

"वाकली होती."

पाय मागे घेतला काय, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. जानरावांच्या ओळखीनं मला अचलपूरला तहसिलीत कारकुनाची उमेदवारी लागणार होती. ती लागणार नसती तर मी बोललो असतो काय, हे मला आजही सांगता येत नाही. तीन प्रश्नांची तीन खरी उत्तरं देऊन मी खाली बसलो. देवमनबाबा समोर होते. मी आणखी काही सांगेन म्हणून माझ्याकडे पाहत होते. मग पाहायचे थांबले.

जानरावांनी मोठ्या मनानं विषय मिटवायला घेतला. देवमन, तू वडीलधारा, नुसतं चुकलं म्हण, झालं. वस्तीही तेच म्हणत होती. एका शब्दाचं काम होतं.

देवमनबाबा उठले. "म्हनतो ना. पन कोन्तं चुकलं थे शिकेटरीनं लेहून द्यावं. मी अंगठा लावतो."

ठराव झाला, की माफीचा कागद होईपर्यंत देवमनबाबांनी वंदना सुरू करू नये.

कागद लिहायचं काम माझं. घरी बसून लिहायला घेतलं. मी सवारीची पूजा केली, असं लिहिलं. त्यांनी केली नव्हती. अंगात येऊ दिलं, असं लिहिलं, आलं नव्हतं. हात जोडले, नव्हते जोडले. कुणब्यांकडून पाय धुवून घेतले, इथपर्यंत येऊन मी पेनचं टोपण लावलं. खरं लिहायचं तर एवढंच उरत होतं, की एका बाईचं ओझं नदीपर्यंत नेऊन दिलं, आणि त्याची माफी मागणारा कागद मला मॅट्रिकला दोनदा बसूनही लिहिता येईना.

जानराव महिन्याला विचारायचे, झाला काय कागद. मी म्हणायचो, होऊन राहिला. देवमनबाबा कधीच विचारायचे नाहीत. ते वंदनेला यायचे, एक दिवस चुकले नाहीत, दाराजवळ बसायचे. वंदना जानराव सुरू करत. त्यांचा आवाज गँगमनचा, रुळावर हाक मारल्यासारखा. लोक मागून ओढत जायचे. दाराजवळ देवमनबाबांचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. मैनाबाईनं पाहुण्यांना वंदनेचं सांगणं बंद केलं. नंतर नंतर ती विहारात यायचीच थांबली.

गावानंही त्यांना जवळ केलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा कुणबी म्हणाले, सवारी बुडवली त्यानं. कौशल्याबाईच्या पोराला ताप आला तेव्हाही तेच. रोजाचं काम त्यांना मिळेना, ते वलगावला जाऊन करायचे. वहाणा मात्र पाटलाच्या दारासमोरही पायातच राहिल्या. त्यावर कोणी काही म्हटलं नाही, कारण आता त्यांच्याशी कोणी काही बोलतच नव्हतं.

तीन वर्षांनी, चौसष्टच्या उन्हाळ्यात ते गेले. मी अचलपूरला होतो. निरोप मिळून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मैनाबाई म्हणाली, शेवटच्या दोन दिवसांत मोठ्यानं वंदना म्हणत होते, आख्खी, एक ओळ न चुकता. शेजारचे म्हणत, ताप डोक्यात गेला.

त्या महिन्याच्या सभेत शोकाचा ठराव मीच मांडला आणि मांडताना सगळं सांगून टाकलं. वहाणा, चादर, घागर, मागे घेतलेला पाय, पाण्यात न जोडलेले हात. पाटलिणीला त्यांनी काय विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. जानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती फिरवत राहिले.

"तवा काहून नाई बोलला बे?" ते म्हणाले.

मी वही उघडली. पुढचा विषय वस्तीतल्या नव्या विहिरीच्या दोराचा होता, आणि तो मी वहीत लिहून घेतला.